डाव्या हाताची गाठ

या, जरा जवळ सरकून बसा. बाहेर वारा आहे आणि ही गोष्ट ओरडून सांगायची नाही. न्यूझीलंडपासून लांब समुद्रातल्या आमच्या चॅथम बेटावर माझ्या शेजारी रिपेका राहायची, तिची सांगते.

“मावशी, सोड ना ते! मासळीचा वास मारतोय नुसता.”

“मग नाक धर. जाळं कशाला धरतेस?”

परसात जुन्या जाळ्याचं एक टोक रिपेकाच्या हातात होतं, दुसरं तिच्या भाचीच्या, एरेनाच्या. न्यूझीलंडहून आलेल्या बोटीतून एरेनाने दोन गोष्टी आणल्या होत्या. एक, बागेला लावायच्या हिरव्या जाळीचा गुंडाळा. दुसरी, तेओनेच्या नावाचा दगड.

तेओने रिपेकाचा नवरा. अकरा वर्षांपूर्वी एका शांत दुपारी मासळीला गेला. होडी परत मिळाली, तो नाही. दफनभूमीत त्याचा दगड बसवायला रिपेका तयार नव्हती. “दगड बसला की माणूस गेला,” एवढंच ती म्हणायची, आणि विषय संपायचा.

तीस वर्षं ती कारखान्यात मासे कापत होती. उरलेला सगळा जीव त्या परसात. आमच्याकडे नैर्ऋत्येचा वारा समुद्राचं मीठ घेऊन येतो आणि कोबीची पानं करपवून जातो. तेओनेने आपली जुनी जाळी खांबांना बांधून आडोसा केला होता, तोही वाऱ्याकडच्या बाजूने, म्हणजे वारा जाळं खांबावरच दाबतो, उपटत नाही. मी त्याला हसले होते, “अरे, भोकांतून वारा येतो की!”

“येऊ दे अर्धा,” तो म्हणाला होता. “पुरता अडवलास तर वरून उडी मारून येतो.”

माझ्या नवऱ्याने हट्टाने पत्रे ठोकले. वारा खरंच वरून आला. आमची कोबी आडवी, त्यांची ताठ.

तसं एरेनाचंही चुकत नव्हतं. “ही नवी जाळी कुठेही कापली तरी उसवत नाही, मावशी. उरलेल्या तुकड्याची कोवळ्या रोपांवर सावली करू, जानेवारीच्या उन्हाळ्यात माना टाकतात बिचारी. आणि हे तुझं चिंध्यांचं जाळं सांधतं तरी कोण गं? तुझ्या उजव्या हातात तर कप धरवत नाही.”

रिपेकाने आपल्या हातातलं टोक आणखी ओढलं. मला त्या गाठी ठाऊक होत्या. तेओने डावखुरा. त्याची गाठ उलट्या बाजूला कलायची, गावात तशी दुसऱ्या कोणाची नव्हती. वादळात जाळं फाटायचं, आणि आपली पाठ वळली की कधीतरी ते भोक बुजलेलं असायचं. उलट्या गाठींनी. आधी मला वाटलं, रिपेकाच त्याची नक्कल करते. मग मी त्यावर विचार करायचंच सोडून दिलं.

रविवारी सकाळी वाऱ्याने हातभर जाळं टरकावलं.

“बघ! आता तरी काढू?” एरेना म्हणाली.

“आधी प्रार्थनेला चल.”

चर्चमध्ये आम्ही तिघी एकाच बाकावर बसलो. आमचे उपदेशक अर्धं बोलायचे, अर्धं गायचे, आणि गाऊ लागले की अख्खी सभा त्यांच्यामागे जायची. काय गोड गळा होता! त्या दिवशी त्यांनी तळ्याकाठी जाळी सांधत बसलेल्या दोघा भावांची कथा घेतली. प्रभूने हाक मारली आणि ते हातातली जाळी तशीच टाकून उठले. ‘टाकून उठले’ हे त्यांनी तीनदा आळवलं. तिसऱ्यांदा रिपेकाने माझा हात घट्ट धरला.

परत आलो. भोक नव्हतं.

एरेनाने बोट लावलं आणि झटक्याने मागे घेतलं. दोरा ओलाचिंब. आठवडाभर पाऊस नव्हता. तिने बोट जिभेला लावलं. “खारट,” ती पुटपुटली. “मावशी, आपण तिघी तर तिकडे...”

“हो.” रिपेका गाठींवरून हात फिरवत होती. “मी सोडत नाही म्हणून तो सांधत बसलाय गं. अकरा वर्षं. त्यालाही हाक आली असेल. पण उठेल कसा?” तिने गाठींवरून हात काढला. “काढ ते. दगड बसवू या.”

आमच्यात नवा दगड कापडाने झाकतात आणि प्रार्थना झाली की घरची माणसं कापड उचलतात. रिपेकाने कापड घेतलंच नाही, दगडावर ते जुनं जाळं पांघरलं. त्या दिवशी वारा असा, की उपदेशकांचं गाणं तोंडातून बाहेर पडताच उडून जात होतं. बायका झगे धरून उभ्या होत्या. जाळ्याचा मात्र एक दोरा हलत नव्हता. सगळ्यांनी पाहिलं. रिपेका पुढे झाली, वाकली, जाळं उचलून छातीशी घेतलं.

“ऊठ आता,” ती म्हणाली. तेवढ्यात जाळं वाऱ्यावर फडफडलं.

नवी जाळी चांगली निघाली. पण हिवाळ्यात एका वादळाने तिचाही कोपरा फाडला. रिपेका नुसती येऊन बघून जायची. सोमवार गेला, मंगळवार गेला. भोक तसंच. बुधवारी ती स्टूल घेऊन आली, त्या अधू उजव्या हातात सुई धरली आणि सांधायला बसली. वीतभर भोकाला तिची सबंध दुपार गेली.

मी कुंपणावरून विचारलं, “येऊ का गं मदतीला?”

“नको. आता माझंच काम आहे ते.”

संध्याकाळी मी जाऊन पाहिलं. वेड्यावाकड्या गाठी, पण सगळ्या सुलट.

आता तिचाही दगड त्याच्या दगडाशेजारी आहे. तुम्ही कधी रोपांना आडोसा कराल, आणि जाळीतून अर्धाच वारा तुमच्या तोंडावर येईल, तेव्हा माझ्यासाठी एक करा. रिपेकाचं नाव घ्या.