चित्राच्या मागचं वाक्य

कॉम्प्युटरच्या बाईंचा एक हट्ट होता. वेबसाइट करायला घेण्याआधी प्रत्येकाने कागदावर लिहायचं, हे पान कोणासाठी? नववीचीच पोरं ती, बहुतेकांनी ‘सगळ्यांसाठी’ असं ठोकून दिलं. बाईंनी ते कागद जसेच्या तसे परत केले. “एक माणूस डोळ्यासमोर धरा आणि त्याच्यासाठी करा. उगाच जगाचा भार घेऊ नका.” वर्गात ज्याला सगळे वकील म्हणायचे त्याने लगेच हात वर केला. “बाई, माणसाऐवजी कुत्रा चालेल?” बाईंनी कपाळाला हात लावला आणि कुत्राही चालवून घेतला.

पहिल्याच दिवशी धड उत्तर आलं ते एकट्या घुमीचं. ‘बाबांसाठी.’ ही पोर वर्षभरात मोजून दहा वाक्यं बोलली असेल, म्हणून पडलेलं नाव, आणि तीही मुकाट्याने त्याला ओ द्यायची. बाबा सुतार होते. त्यांनी केलेलं सामान ज्यांच्या ज्यांच्या घरी गेलं होतं, तिथे जाऊन घुमीने फोटो काढून आणले. दातांच्या डॉक्टरांकडचा बाक, शेजारच्यांचा पाळणा, वाचनालयातली शिडी, असे एकवीस. पान असं देखणं झालं की बाईंनी ते शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना बोलावून दाखवलं.

आता एक गोष्ट सांगायला हवी. वेबसाइटवर फोटो लावला की त्याच्यामागे एक वाक्य लिहायचं असतं. ते पडद्यावर दिसत नाही. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांच्या कॉम्प्युटरवर एक आवाज असतो, तो सगळं पान वाचून दाखवतो आणि फोटो आला की हे वाक्य वाचतो; वाक्य नसेल तर नुसता फोटोचा नंबर. पोरांनी त्या आवाजाचं नाव आत्याबाई ठेवलं होतं, कारण ती काहीही झाकून ठेवत नाही. पण न दिसणाऱ्या कामाला कोण विचारतो? वकिलाने लिहिलं होतं, ‘कुत्रा. बाकीचं बघून घ्या.’ आणि खरं सांगायचं तर बाईंनीही त्या वाक्यांना शंभरातले दोनच मार्क ठेवले होते.

ही पानं आईबापांना दाखवायच्या प्रदर्शनाच्या चार दिवस आधी घुमी बाईंच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. “बाई, ती मागची वाक्यं... मला जमत नाहीयेत. काय लिहायचं?”

“अगं, दोन मार्कांसाठी कुठे जीव काढतेस? आधी पानावरची ती बटणं नीट कर, रंग उडून गेलाय त्यांचा.”

“पण बाई, चौदा महिने झाले, बाबांनी दुकान उघडलेलं नाही. मला वाटलं, हे पान झालं की उघडतील. म्हणजे त्यांना...”

“उघडतील गं, का नाही उघडणार! एवढं सुंदर केलंयस,” बाई म्हणाल्या, आणि पुढच्या पोराच्या पानाकडे वळल्या. त्या ‘म्हणजे’च्या पुढे काय होतं, ते ऐकायला त्या थांबल्या नाहीत. घुमीने बटणं नीट केली.

शनिवारी दुपारी आईबाप आले. वर्गात ही गर्दी. घुमी आली ती सावकाश, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून एक उंच माणूस पाठोपाठ पावलं मोजत आला. बाईंनी त्यांचे न बघणारे डोळे पाहिले, आणि दुकान चौदा महिने का बंद होतं ते त्यांना कळलं. अरे देवा! बाबा पान बघायला नव्हे, ऐकायला आले होते.

“माझं काय काम इथे, बाई?” बाबा म्हणाले. “पण ही ऐकेना.”

घुमीने त्यांना खुर्चीवर बसवलं आणि आवाज सुरू केला. आत्याबाईंनी नाव वाचलं, दोन ओळी वाचल्या, आणि मग सुरू झालं. “चित्र. शून्य दोन एक चार. चित्र. शून्य दोन एक पाच. चित्र. शून्य दोन एक सहा.” एकवीस फोटो, एकवीस आकडे. घुमी जमिनीकडे बघत होती. बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं, मान हलवली आणि खुर्चीचा हात चाचपत उठायला लागले.

“छान केलंयस हं,” ते म्हणाले. “चल, घरी जाऊ.”

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण गप्प बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं. “थांबा,” त्या म्हणाल्या. “चूक तिची नाही, माझी आहे. ही वाक्यं लिहायची होती आणि मीच तिला राहू दे म्हटलं. पाच मिनिटं बसा. घुमे, घे लिहायला.”

घुमीने पहिल्या फोटोमागे लिहिलं आणि आत्याबाईंनी वाचलं, “डॉक्टरांकडचा बाक.”

“कसा बाक?” बाबांनी विचारलं.

“तपकिरी.”

“तपकिरी काय, अक्रोड आहे तो! पाठीला वळण आहे की नाही? दात दुखणारा माणूस मागे टेकत नाही, पुढे वाकून बसतो. म्हणून पाठ बुटकी ठेवलीय. लिही.”

घुमीने लिहिलं. पाळण्याला एकही खिळा नाही, हे लिहिलं. शिडीची तिसरी पायरी रुंद आहे, कारण वाचनालयातल्या बाई तिथेच उभ्या राहून वाचतात, तेही लिहिलं. बाबा बसल्या जागी हवेत रंधा मारून दाखवत होते. वकील आपलं कुत्र्याचं पान सोडून कधीचा मागे येऊन उभा होता, आणि चक्क तोंड मिटून. पाच मिनिटांचा तास झाला तरी कोणी घड्याळ बघितलं नाही.

शेवटचा फोटो आला. तो कशाचा, घुमीने सांगितलं नाही. तिने एकटीनेच वाक्य लिहिलं आणि बटण दाबलं.

“दुकानाचं दार,” आत्याबाई म्हणाल्या. “कुलूप लावलेलं. समोर माझे बाबा. ते रोज सकाळी इथपर्यंत येतात, कुलपाला हात लावतात आणि परत जातात. त्यांना वाटतं, मी बघत नाही.”

बाबांनी हात पुढे केला, तो आधी टेबलाला लागला, मग घुमीच्या डोक्यावर स्थिरावला.

“हा फोटो काढून टाक,” ते म्हणाले. “उद्या सकाळी मी दार उघडतो, तेव्हा दुसरा काढ.”