हिंमतरावांच्या दंडावरचा पट्टा

मित्रांनो, मी सांगतो ते तुम्हाला पटणार नाही. देवाशपथ, कुणालाच पटलेलं नाही! मी एक जुना पट्टा आहे, बीपीच्या यंत्राचा. कारखान्यात मला पहिल्यांदा हवा भरली, तेव्हा मी फुगून थेट छताला टेकलो होतो. पुढे येरमाळ्याच्या हिंमतरावांच्या दंडावर मी संसार थाटला.

हिंमतरावांचं बीपी म्हणजे येडेश्वरीच्या यात्रेतली गर्दी. काही केल्या हटेना. तीन प्रकारच्या गोळ्या झाल्या, अळणी भाजी झाली. शेवटी सोलापूरचे डॉक्टर म्हणाले, "जांघेतून बारीक नळी किडनीच्या रक्तवाहिनीत नेऊ. तिच्याभोवतीच्या नसा दाब वाढवतात, त्या आतून उष्णता देऊन शांत करू. गोळ्या मात्र सोडायच्या नाहीत. आधी आठवडाभर घरी मोजून कळवा. घरीही चढलेलं दिसलं, तरच हे करू."

हिंमतरावांनी नळीची अशी धास्ती घेतली! दुसऱ्या दिवशी त्यांनी मला उचललं आणि भाकरी थापत बसलेल्या बायकोच्या, कडूबाईंच्या दंडाला गुंडाळलं.

"अवो, हे काय? हाताला पीठ हाय माझ्या."

"गप बस. तुझं बीपी लई गुणाचं हाय."

"बीपी माझं सांगताल, आन झटका आला तर? त्यो बी मलाच येणार व्हय?"

कडूबाईंचा आकडा अगदी सरळमार्गी. तोच रोज फोनवरून सोलापूरला जाऊ लागला. डॉक्टर खूश, हिंमतराव त्याहून खूश. मी मात्र झुरत होतो. ज्या दंडाची मला खरी काळजी, तो मोकळाच!

आणि एका सकाळी हिंमतरावांच्या हातातून चहाचा कप सुटला. क्षणभर जीभही वळेना. कडूबाई पांढऱ्याफटक पडल्या.

मग मात्र, मित्रांनो, मी गप्प बसलो नाही. टम्म फुगलो आणि फोनमध्ये ओरडलो, "डॉक्टरसाहेब, दंड कडूबाईंचा आहे हो!" त्यांनी तातडीनं बोलावून घेतलं. आधी झटक्यावर उपचार झाले, सावरल्यावर नळीही झाली. आता आकडा हळूहळू उतरतोय, गोळ्या चालू आहेत. म्हणून हात जोडून सांगतो, मला ज्याच्या त्याच्याच दंडाला बांधा. मी ओरडलो नसतो, तर हिंमतराव आज…

"ए पट्ट्या!" कडूबाई कडाडल्या. "वरडलास कवा तू? फोन म्या लावला व्हता. तू तर माझ्याच दंडाला गपगुमान चिकटून व्हतास!"