बंद वाटणारी गाडी

पेट्रोलवर आणि बॅटरीवरही चालणारी नवी हायब्रिड गाडी दारात आली आणि बायकोवर हात उचलायला नवऱ्याला आणखी एक निमित्त मिळालं. ब्रेक दाबला की गाडी बारीक हुंकारायची. सिग्नलला इंजिन आपोआप गप्प व्हायचं आणि मनात येईल तेव्हा धडधडून जागं व्हायचं. प्रत्येक नव्या आवाजाला तो विचारायचा, "काय दाबलंस गं?" आणि उत्तराआधीच कानशिलात बसायची.

लग्नाच्या दोन वर्षांत ती त्याचे आवाज शिकली होती. चप्पल आपटली तर शिव्यांवर भागतं; किल्ली हळू ठेवली तर आज धडगत नाही. मग गाडीचे शिकायला कितीसा वेळ लागणार? लेकीला पाजता पाजता तिने गाडीबरोबर आलेली जाडजूड पुस्तिका परीक्षा असल्यासारखी वाचून काढली.

त्या सकाळी मागच्या सीटखाली घरघर सुरू झाली. वर्कशॉपमध्ये त्याने थेट मेकॅनिकची कॉलर धरली. "खराब माल गळ्यात मारता होय रे?"

"साहेब, बघतो ना, सोडा तरी," मेकॅनिक चाचरला.

"बॅटरीचा पंखा आहे तो," तिच्या तोंडून निघून गेलं. "त्याच्या जाळीवर बाळाचं दुपटं पडलंय. हवा कोंडली की जोरात फिरतो."

मेकॅनिकने वाकून दुपटं काढलं. थोड्या वेळाने घरघर उतरली. "वहिनींना माझ्यापेक्षा जास्त कळतं की," तो हसला.

नवराही हसला. ती दुपटं घेऊन लगेच गाडीत बसली.

गोदामांच्या मागच्या रिकाम्या रस्त्यावर त्याने गाडी बाजूला घेतली. पहिला ठोसा तोंडावर, दुसरा बरगडीत. "चारचौघांत अक्कल शिकवतेस?" केस धरून त्याने तिचं डोकं डॅशबोर्डवर आपटलं. जिभेवर रक्ताची चव आली. मागे लेक किंचाळली.

"तिला गप्प कर, नाहीतर मी करतो."

लेकीबद्दल असं तो पहिल्यांदाच बोलला होता.

"पाना आणतो. मग बघू तुझा पंखा." किल्ली खिशात घेऊन, दार आपटून तो डिकीकडे गेला. गाडी टुकटुक वाजू लागली. "आता हे काय नवीन?" त्याने टायरला लाथ घातली.

ते काय, हे तिला पाठ होतं. किल्ली बाहेर गेली, गाडी मात्र चालूच आहे. इंजिन गप्प म्हणजे गाडी बंद, ही त्याची जुन्या गाडीची सवय. गाडी चालू असल्याचं सांगणाऱ्या डॅशबोर्डवरच्या हिरव्या दिव्याकडे त्याने कधी लक्षच दिलं नव्हतं. ही बटणावर सुरू होणारी गाडी; एकदा चालू असली की किल्लीवाचूनही धावेल. फक्त एकदा बंद केली की पुन्हा सुरू होणार नाही.

ती सरकून त्याच्या जागेवर बसली आणि दारं आतून लावली.

डिकी आपटून तो बॉनेटसमोर येऊन उभा राहिला. "बंद गाडीत बसून कुठे जाणार, महाराणी?" आणि पाना काचेवर घातला. काच जाळीसारखी तडकली. दुसऱ्या घावाला काचेचे कण तिच्या मांडीत पडले. तिसऱ्यासाठी त्याने हात वर नेला तेव्हा तिने गिअर टाकला आणि पाय दाबला.

गाडी हूं की चूं न करता सुटली. तो बॉनेटवर आदळला, घसरला, बाजूला पडला. चाकाखाली काडकन वाजलं. तेवढा आवाज पुस्तिकेत नव्हता.

आरशात तो पाय धरून गुरासारखा ओरडताना दिसला. वळणावर इंजिन धडधडून उठलं, लेक दचकली. "काही नाही गं सोन्या, नुसतं इंजिन आहे," ती म्हणाली.

पोलीस ठाण्याच्या दाराशीच तिने गाडी थांबवली. ड्युटीवरची पोलीसबाई बाहेर आली. "ताई, आधी गाडी बंद करा. केवढं टुकटुकतंय ते."

"नाही करणार," सुजलेल्या ओठांनी ती म्हणाली. "गोदामांच्या मागे माझा नवरा पडलाय. मीच गाडी घातली. पाय मोडलाय, अ‍ॅम्ब्युलन्स पाठवा. आणि माझी तक्रार इथेच लिहून घ्या. घरी जा, मिटवून टाका म्हणालात तर मला पुढचं ठाणं गाठावं लागेल. बंद केली तर ही पुन्हा सुरू होत नाही."

पोलीसबाईने फुटलेली काच पाहिली, ओठ पाहिला, मागची लेक पाहिली. अ‍ॅम्ब्युलन्ससाठी आत हाक मारली आणि खुर्ची ओढून गाडीच्या खिडकीशी बसली.

"सांगा. पहिल्यापासून."

मागच्या सीटखाली पंखा घरघरू लागला. लेक या वेळी दचकली नाही.