टेर्नविक क्लबचा मफलर

मी मफलर बोलतोय, निळा-पांढरा, नॉर्वेच्या टेर्नविक फुटबॉल क्लबचा. नाव ऐकलं नसेल. तुमचा दोष नाही. शंभर वर्षांत या क्लबने ऐकण्यासारखं काही केलंच नाही. मासे खारवणाऱ्यांनी तो काढला, एकदाच तिसऱ्या श्रेणीत चढला आणि दोन वर्षांत गडगडत पाचव्या श्रेणीत आला. मैदान समुद्राला इतकं लागून, की चेंडू आणायला होडी ठेवावी लागे.

तरी टोरूनबाईंना त्याचं कोण कौतुक. त्या क्लबची खोली झाडायच्या आणि सामना चालू असताना मफलर विणायच्या. मलाही त्यांनीच विणलं. तिथे नोकरीला आलेला दिगंबर कुडकुडत सामना बघत होता. बाईंनी काही न विचारता मला त्याच्या गळ्यात घातलं. पुढे तो क्लबचा सभासदही झाला.

चार वर्षांनी तो अमेरिकेत, बॉथेलला आला आणि मी गॅरेजमधल्या खिळ्यावर गेलो. पाहुणे आले की तेवढ्यापुरता मला झटकून "हा आमचा क्लब" म्हणून मिरवायचा.

यंदा क्लबची सभा ऑनलाइन भरली. शेजारच्या मोठ्या क्लबात विलीन व्हायचं का, यावर मतदान होतं. समसमान मतं पडली तरी टेर्नविक वाचणार होता. 'मत चुकवू नकोस,' असं टोरूनबाईंनी दिगंबरला आधीच कळवलं होतं.

इथे सकाळचे नऊ. दिगंबर कोट चढवून, मला गुंडाळून बसला. बोलायला प्रत्येकी दोन मिनिटं होती. पण मराठी मंडळात दहा वर्षं सूत्रसंचालन केलेला माणूस तो. त्याने अध्यक्षांपासून एकेका मान्यवराचं इंग्रजीत स्वागत सुरू केलं.

"अहो, आधी मुद्द्याचं बोला ना," बायको उपासना म्हणाली.

"अगं, आभार मानल्याशिवाय डायरेक्ट मुद्द्यावर कसं यायचं?"

दोन मिनिटं संपली. अध्यक्षांनी त्याचा आवाज बंद केला, मतदान सुरू केलं आणि पाच मिनिटांत संपवलं. हा डोळे मिटून मैदानाची निगा राखणाऱ्यांचे आभार मानत होता.

"बाबा, यू वेअर ऑन म्यूट," मुलगा कुश म्हणाला. "इट्स ओव्हर."

विलीनीकरणाच्या बाजूने एकतीस, विरोधात तीस.

थोड्या वेळाने टोरूनबाईंचा मेसेज आला: 'आपण दोघांनी तरी विरोधात मत दिलं. मला तेवढं पुरे.' याने उत्तरादाखल जोडलेले हात पाठवले.

हल्ली तो मला घालून मंडळात 'माझा हरवलेला क्लब' या विषयावर बोलतो, डोळेही पुसतो. वाचकहो, मला टोरूनबाईंकडे परत पाठवू नका. त्यांच्यासमोर मला खोटं बोलता येणार नाही. फक्त या माणसाच्या गळ्यातून तेवढं उतरवा.