एक जुलैला जन्मलेलं गाव

सानगडीच्या चौकात एक काळा फळा आहे. फळा ग्रामपंचायतीचा, खडूही तिचाच, माज मात्र वासुदेवराव गुरुजींचा. एक्क्याऐंशी वर्षांचे गुरुजी रोज सकाळी पांढरी टोपी घालून येतात, कालचा दिवस पुसतात आणि आजचा दिनविशेष लिहितात. अमुक साली अमक्याचा जन्म, तमुक साली तमकी लढाई. लिहून झालं की दोन पावलं मागे सरून स्वतःच्याच अक्षराकडे असे बघतात, जणू ती लढाई यांनीच मारली.

हे सोंग पाहून सुलोचनाबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ती अंगणवाडीत मदतनीस. शाळेच्या दाखल्याप्रमाणे येत्या एक जुलैला तिची पासष्ट वर्षं भरत होती, म्हणजे घरी बसायचं. खरं तर तिला अजून सव्वा वर्ष होतं आणि ते तिला हवं होतं. नवरा गेल्यापासून खिचडीच्या गंजाभोवती कलकलाट करणारी ती पंचवीस पोरं, एवढंच तिच्या दिवसात उरलं होतं. रिकाम्या घराची तिला धास्ती वाटत होती.

आणि दाखल्यावरची तारीख कसली? गावातलं साठी-पासष्टीचं कोणतंही माणूस धरा, जन्म एक जुलैचा. गावभरच्या बायांनी जणू ठरवून, ऐन धानाच्या रोवण्याच्या तोंडावर, एकाच दिवशी कळा दिल्या होत्या! ही सगळी करामत गुरुजींची. पोराचं नाव शाळेत घालताना आईबापाला तारीख विचारायची तसदी त्यांनी कधी घेतली नाही. पोराला उभं करायचं, उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावायचा. कान हाती लागला की सहा वर्षं पूर्ण, लिहा एक जुलै. सुलोचनेचे हात जन्माचे लांब. पावणेपाच वर्षांच्या त्या पोरीनं कान नुसता धरला नाही, पिळून दाखवला. गुरुजींनी तिचं वय तिथल्या तिथे वाढवून टाकलं.

तेव्हा तिची माय शाळेच्या ओट्यावर बसून सांगत होती, पोरगी चीननं हल्ला केला त्या दिवशीची आहे म्हणून. बापानं रेडिओवर ती बातमी ऐकली आणि घरी आला तर ही झालेली. माय मरेपर्यंत तिला चिनीच म्हणायची. पण अडाणी बाईचं ऐकतो कोण? गुरुजींना फक्त थोरामोठ्यांचे जन्म ठाऊक.

आता ऑफिसातला बाबू म्हणाला होता, "ज्यानं तारीख टाकली त्यानं अंदाजानं टाकली असं लिहून दिलं, तर पाहू." सुलोचनाबाई तीनदा गुरुजींच्या दारी जाऊन आली. तिन्ही वेळा एकच उत्तर मिळालं, "माझी तारीख कधी चुकत नाही."

सव्वीस जूनला ती थेट चौकात गेली. गुरुजींनी नुकतंच फळ्यावर वळणदार अक्षरात 'सामाजिक न्याय दिन' लिहिलं होतं. चहाच्या टपरीवर तेजराम आणि चारपाच म्हातारे बसले होते, सगळे एक जुलैचेच.

"गुरुजी, सही करा या कागदावर," ती म्हणाली.

"अंदाजानं? अगं, ती शास्त्रीय पद्धत होती. शरीराच्या वाढीचं माप!"

"कधीच चुकत नाही?"

"कधीच नाही."

"मंग तुमी धरून दाखवा कान."

टपरीवरच्या कपबश्या थांबल्या. गुरुजी हसले, छाती काढली आणि उजवा हात वर नेला. खांदा कधीचा आखडलेला. हात टोपीपर्यंत गेला, तिथून बोटं पुढे सरकेनात. त्यांनी मान वाकडी केली, डोळे गच्च मिटले, जोर लावला. टोपी खाली पडली. कान होता तिथेच राहिला.

"नाही लागला," सुलोचनाबाई म्हणाली. "म्हणजे तुमाले अजून सहा वर्षं पुरे व्हाचे आहेत, गुरुजी. मंग आमाले शिकवाले कायले आले होते?"

तेजरामला हसता हसता ठसका लागला. "घरी जा गुरुजी, पुढच्या साली नाव घालू तुमचं!"

गुरुजींनी दरडावायला तोंड उघडलं, पण समोर त्यांनीच एका तारखेला जन्माला घातलेली माणसं पोट धरून हसत होती. त्यांनी मुकाट्यानं टोपी उचलली आणि कागद घेतला. 'अंदाजाने नोंदवली' याखाली सही केली. खऱ्या तारखेची जागा कोरी होती. तिथे आल्यावर पेन अडलं.

"विचारा नं," सुलोचनाबाई म्हणाली. "तवा नाही विचारलं, आता तरी विचारा."

गुरुजींनी मान वर न करताच विचारलं, "कधी जन्मलीस?"

"वीस ऑक्टोबर बासष्ट. दरसाली लिहून राहिले तुमी फळ्यावर."