तलवारीची सोता

तिसरं पान पुन्हा तेच निघालं.

म्हातारीने ते जेवणाच्या ट्रेवर, जेलीच्या वाटीला खेटून सरळ लावलं आणि मान वर केली. बीपीचा पट्टा गुंडाळता गुंडाळता अहिल्याने बघितलं. निळ्या अंगरख्यातला कुणी एक तलवार धरून उभा होता. बाप्या की बाई, कळायला मार्ग नाही. कोपऱ्यात दहाचा आकडा. मंगळवारी हाच आला होता आणि आज बुधवारीही हाच.

अहिल्या मेश्राम सातासमुद्रापार एडिसन गावच्या एका नर्सिंग होममध्ये सात वर्षं असिस्टंट होती. म्हाताऱ्यांची अंगं पुसायची, चादरी बदलायची, कुणाला भरवायची. कामाला वाघीण, पण तोंडातून शब्द निघेल तर शपथ. बारा नंबरची ही म्हातारी क्युबाची. सगळे तिला दोन्या मेर्सेदेस म्हणत. दोन्या म्हणजे आपल्याकडच्या बाईसाहेबांसारखं. देश सोडताना तिने दोनच गोष्टी आणल्या होत्या, कडेवरचा मुलगा राफाएल आणि ब्लाउजमध्ये लपवलेला हा पत्त्यांचा जोड. चाळीस पानं. सातानंतर एकदम दहा, आठ-नऊ नाहीतच. राणीही नाही. राजा, घोडेस्वार आणि सोता, म्हणजे हुजऱ्या. जेवण झालं की म्हातारी रोज तीन पानं मांडायची. पहिलं झालेल्याचं, दुसरं चाललेल्याचं, तिसरं येणाऱ्याचं.

अहिल्याचा असल्या गोष्टींवर विश्वास असायचं काही कारण नव्हतं. नागपूरला इंदोऱ्यात तिच्या बाबांनी पोपटवाल्या ज्योतिषाला अंगणातून हाकललं होतं. वर पोपटासाठी पेरू दिला होता, त्याचा काय दोष म्हणून. अशा बापाची लेक ती. पण कालपासून ते पान तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. तिने आपलं सहज विचारल्यासारखं केलं, की याचा अर्थ काय.

"तलवारीची सोता," दोन्या म्हणाली. "वाईट बातमी हिच्या तोंडात असते. आणि ही ती गिळून दाराआड उभी असते."

आता यात भविष्य कसलं डोंबलाचं? बातमी होतीच. राफाएल गेला होता. दर शनिवारी कॉफीचा डबा घेऊन येणारा तो टेंपोएवढा माणूस, हार्ट अटॅकने बसल्या जागी गेला. त्याच्या बहिणीने फाइलमध्ये लिहून ठेवलं होतं, आईचं काळीज नाजूक आहे, कुणी सांगायचं नाही. हेड नर्सनेही बजावलं होतं, सांगाल तर नोकरीवर येईल. म्हणून तीन आठवडे अहिल्या रोज सांगत होती, राफाएलला जास्तीची शिफ्ट आहे, राफाएलची गाडी बिघडली. सकाळी घरी बुद्धवंदना म्हणताना चौथ्या शीलापाशी, खोटं न बोलण्याच्या शीलापाशी, तिची जीभ अडखळायची. आपल्याच बाबांनी शिकवलेलं शील, आणि आपण रोज दुपारी ते मोडतो याची तिला लाज वाटायची.

गुरुवारी तिने वेगळंच केलं. म्हातारीला आंघोळीला नेलं तेवढ्यात जोडातून सोता काढली आणि जाऊन आपल्या लॉकरमध्ये टाकली. कुलूप लावलं, ते ओढून पाहिलं. स्वतःवर हसलीसुद्धा, की बाई, तू तर पोपटवाल्याच्याही पुढे गेलीस.

दुपारी दोन्याने पहिलं पान मांडलं. दुसरं मांडलं. मग तिचा हात जोडावरून नुसता उचलला गेला आणि तिसऱ्या जागी रिकामाच टेकला. खोलीत उन्हं होती, कॉरिडॉरमध्ये टीव्हीवरचा खिदळण्याचा आवाज येत होता.

"पान नाही आज," म्हातारी म्हणाली. "हरकत नाही. तू आहेस ना. बस."

अहिल्या बसली. कुणी हात धरून बसवावं तशी ती त्या रिकाम्या जागेसमोर बसली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, की राफाएल गेला. सगळं सांगितलं. बहिणीचं लिहिणं, आपलं रोजचं खोटं.

दोन्या ओरडली नाही, छातीही धरली नाही. तिने एवढंच विचारलं, "तारीख?"

"एकोणतीस ऑगस्ट."

"तीन शनिवार आला नाही, तेव्हाच कळलं होतं मला. पण तारीख नसली की आईला मुलगा रोज मेलेला दिसतो. आता एकच दिवस मेला तो." तिने कॅलेंडर मागितलं, मागचं पान उलटलं आणि एकोणतीसवर गोल केला. मग बराच वेळ रडली. अहिल्या तिची पाठ चोळत राहिली.

अहिल्या उठू लागली तशी म्हातारीने तिचं मनगट धरलं. हात बर्फासारखा गार. "लॉकरमधली राहू दे तुझ्याकडे. ती आता तुझ्यासाठी आली आहे. किती रविवार झाले ग, बापाचा आवाज ऐकून?"

पाच. पण हे अहिल्याने जगात कुणाला सांगितलं नव्हतं. ना लॉकरचं, ना रविवारचं. दर रविवारी सकाळी ती नागपूरला फोन लावायची, म्हणजे तिकडे संध्याकाळ. आणि दर वेळी भाऊ चंद्रशेखर सांगायचा, बाबा विहारात गेलेत. विहारात रविवारी संध्याकाळी वंदना असतेच, तेव्हा शंका घ्यायला जागा नव्हती. खरं सांगायचं तर तिला शंका घ्यायचीच नव्हती. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याला दुसऱ्याची मदत लागत नाही.

हेड नर्सला तिने आपण होऊन सांगितलं. हातात लेखी ताकीद पडली, नोकरी वाचली.

रविवारी ती ड्युटीचा पांढरा युनिफॉर्म घालून स्वयंपाकघरात फोनपाशी उभी राहिली. नवरा ईश्वर नेहमीसारखा चहाचा कप घेऊन दारात आला. हेही तिला आजच जाणवलं, की गेले पाच रविवार फोनच्या वेळी हा बरोबर दारात असतो. तिने नंबर फिरवला. चंद्रशेखरने उचलला, हवापाणी विचारलं, पोरांचं सांगितलं. मग बाबांचा विषय निघाला.

"बाबा विहारात गेले न, ताई."

"चंदू," ती म्हणाली, "मला तारीख सांग."

लाइनवर खरखर होती. त्या खरखरीत आठ हजार मैलांवरून कुणीतरी श्वास घेत होतं. "काहून विचारून राहिली असं?" तो म्हणाला, पण आवाज फाटला होता. मग हळूच म्हणाला, "चौदा ऑगस्ट. झोपेतच गेले. तू तिकडे इतक्या दूर, तुला येणं जमणार नाही, जिवाला घोर कशाला... सगळ्यांनी ठरवलं ताई. भाऊजींना फोन केला होता मी ऑफिसात."

अहिल्याने फोन ठेवला. रडू आलं नाही. राग आला, खूप आला, आणि त्याच वेळी तिला आपलं बारा नंबरच्या खोलीतलं रोजचं बोलणं आठवलं. गाडी बिघडली. जास्तीची शिफ्ट. कुणावर चिडायचं होतं तिने?

ओक ट्री रोडच्या वाण्याने दिलेलं कॅलेंडर भिंतीवर होतं. तिने ऑगस्टचं पान वर केलं आणि चौदावर गोल केला. ईश्वर कप खाली ठेवून तिथेच उभा होता, मान खाली घालून.

"मेणबत्ती दे," ती म्हणाली.

त्याने ओट्यावरच्या कपाटात, डाळींच्या डब्यांमागे हात घातला आणि दहाचं पाकीट काढून तिच्या हातात दिलं. पाकीट फोडलेलं होतं. आत पाचच उरल्या होत्या.

तिने त्या मोजल्या. त्याच्याकडे पाहिलं. पाच रविवार ती ड्युटीवर गेल्यावर हा माणूस या घरात एकटा काय करत होता, ते तिला कळलं.

ड्युटीची वेळ होत आली होती. तिने पांढऱ्या युनिफॉर्मवरच्या सुरकुत्या हाताने सारख्या केल्या आणि सहावी मेणबत्ती काढली.