सोमवारचे तेल

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. इतका जुना, की माझा पीळ उलगडला तर काथ्यापेक्षा धूळच जास्त निघेल. एका लांबलचक, अंधाऱ्या पडवीत तिघी बायकांनी मला वळले. दोर वळणारे मागे मागे चालतात. आपण घडवलेल्या वस्तूवरची नजर न काढता तिच्यापासून दूर जातात. माझ्या जन्माची मला तेवढीच आठवण आहे: तीन पेड, आणि लांब जाणारे तीन चेहरे.

पुढची सव्वीस वर्षे बिअरच्या कारखान्यात गेली. गोदामाच्या वरच्या मजल्यावर हॉप्सची पोती चढवायची, एवढेच माझे काम. हॉप्स ही एका वेलीची फुले. बिअरचा कडवटपणा आणि वास त्यांचा. आमच्याकडे ती वाळून, दाबून, पोत्यात शिवून येत. मला ओढणारा गोदामवाला दर सोमवारी पहिले पोते चढवण्याआधी माझ्यावरून तेलाची चिंधी फिरवी आणि मला कप्पीतून वर-खाली करी, म्हणजे तेल कप्पीच्या चाकापर्यंत पोचे. "कप्पी बोलायला लागली की समजायचं, आपण विसरलो," असे तो म्हणे. मुकादमाने एकदा सगळ्यांदेखत सांगितले, "ह्या दोरावर मी माझं लेकरू टांगीन." तेवढीच शाबासकी मी आयुष्यभर पुरवून वापरली.

कारखाना बंद पडला तेव्हा प्रत्येकाला एक वस्तू नेऊ दिली. कोणी खुर्ची नेली, कोणी भिंतीवरचे घड्याळ. गोदामवाल्याने कप्पीसकट मला नेले. पोत्यांची धूळ मात्र त्याने न मागताच त्याच्या छातीत आली होती. दोन वर्षे मी जिन्याखाली पडून होतो आणि वरच्या खोलीत तो खोकत होता. आम्ही दोघेही कोणाच्या कामाचे नव्हतो.

मग एका वसंतात त्याने ओल्या कागदात गुंडाळलेले, बोटाएवढे मूळ आणले. परसातल्या भिंतीशी खड्डा केला, कोंब फुटायचे डोळे वर ठेवून मूळ आडवे पुरले. छपराखालच्या तुळईला कप्पी अडकवली. माझे एक टोक मुळाशेजारच्या खुंटीला बांधले, दुसरे कप्पीवरून खाली आणून भिंतीतल्या कडीला.

"सव्वीस वर्षं मेलेली फुलं उचलली," तो मुलीला म्हणाला. "एकदा ताज्यांचा वास घ्यायचाय. पण यंदा नाही हं. यंदा मूळ धरू दे."

मुलगी शिवणकाम करी. आई गेल्यापासून घर तिच्या मशीनवर चाले. ती म्हणाली, "बाबा, डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंत ना तुम्ही?"

"ऐकलं. म्हणून तर आत्ताच लावलं."

तो रोज थोडे थोडे पाणी घाली. शेजारचा नळदुरुस्तीवाला कुंपणावरून ओरडे, "काका, दोराला पाणी? वाढला तर मलाही हातभर द्या!"

"आधी तुलाच बांधीन त्याने. आमचा नळ गळतोय कधीचा!"

तीन कोंब आले. मुलीने ते माझ्याभोवती गुंडाळले, पण बॉबिन भरायच्या सवयीने, उलटे. सकाळी तिन्ही सुटून जमिनीवर लोळत होते. "घड्याळाचे काटे फिरतात तसं फिरव, बाई," तो हसत म्हणाला. "ह्याचा हट्ट माझ्यावर गेलाय." तिने पुन्हा गुंडाळले. मित्रांनो, माझ्या अंगावर तोवर फक्त वजन आले होते; धरणारे काही प्रथमच आले. त्या खरखरीत केसाळ देठांनी मला दिवसाला वीतभर आपले म्हटले.

तो दर सोमवारी माझ्या कडीकडच्या बाजूला तेल चोळी, मला हातभर खाली सोडी आणि पुन्हा वर ओढी. मुलीला त्याने दोनच गोष्टी बजावल्या. "सोमवार चुकवायचा नाही. फुलं हवी झाली तर दोर खाली सोडायचा, चार फुलं खुडायची, पुन्हा वर. आणि पहिल्या वर्षी हिरवा वेल कापायचा नाही. पानांनी कमावलेलं मुळाकडे परत जाऊ दे, तरच थंडी काढेल. माझ्यामागे तुला सोबत राहील."

उन्हाळ्याच्या मध्यावर तो अंथरुणाला खिळला. औषधे, दवाखाना, मशीन, स्वयंपाक. तिच्या दिवसाचे कापड कशालाच पुरेना. सोमवार येत आणि जात. पाऊस कप्पीच्या आसात मुरला, गंज धरला, वेलाचे शेंडे चाकात शिरून घट्ट बसले. मी सगळे पाहत होतो. पण दोराला तोंड नसते; कप्पीला असते, आणि ती बोलायच्याही पलीकडे गेली होती.

"आली का गं फुलं?" त्याने एका मंगळवारी विचारले. फुले खिडकीच्या वर, त्याच्या नजरेबाहेर होती.

"नऊ आहेत."

"नऊ!" त्याने डोळे मिटले. "एक दे मला."

ती धावत खाली आली, कडीची गाठ सोडली. मी हललो नाही. तिने हिसडे दिले. शेजारी म्हणाला, "ताई, शिडी कामावर अडकलीय. शनिवारी आणतो, नक्की."

"शनिवार कोणी पाहिलाय?" ती म्हणाली. तो मान खाली घालून आत गेला.

मला ओढायचे तर धरायला हवे, आणि जिथे हात घालावा तिथे वेल. देठांनी तिचे तळवे सोलले. मग ती कापडाशिवाय कशालाही न लावलेली आपली कात्री घेऊन आली. बराच वेळ उभी राहिली. गुडघ्याच्या उंचीवर तिने तिन्ही वेल कापले, हातभर मला सोलून उघडा केला आणि दोन्ही पाय उचलून माझ्यावर लोंबकळली. न फिरणाऱ्या चाकावरून मी करकरत घसरलो. माझा एक पेड तिथेच तुटला. पानांचा ढीग तिच्या अंगावर कोसळला, आणि त्यात नऊ फुले होती.

ढिगातला एक वेल उचलून ती होती तशीच वर गेली. उघड्या खिडकीतून मला सगळे दिसत आणि ऐकू येत होते.

त्याने फूल चुरगळले. श्वास तुकड्यातुकड्यांनी आत गेला. "लिंबासारखं," तो म्हणाला. "पोत्यात हे नव्हतं गं." मग त्याची बोटे वेलावरून खाली सरकली. त्याच्या हाताशी बोटाएवढा जाड, ताजा कापलेला देठ होता. शेंड्याचा देठ इतका जाड नसतो, हे त्याला कळत होते.

"कप्पी फिरली?"

"फिरली, बाबा. आपोआप खाली आला."

"दर सोमवारी तेल..."

"घालते ना."

"मग बरं झालं," तो म्हणाला. "हुशार आहेस."

शनिवारी शिडी आली. शेजाऱ्याने ती भिंतीला टेकवली आणि आत रडत बसलेली माणसे पाहून पुन्हा उचलून नेली.

त्या हिवाळ्यात जमीन कडक झाली. वसंतात ती रोज वाकून पाही. शेवटी तिने बोटांनीच माती उकरली. मूळ काळे, मऊ, भिजल्या पुठ्ठ्यासारखे निघाले. कात्रीने मेले की थंडीने, मी सांगू शकत नाही. तिने मात्र कोणालाच विचारले नाही.

मित्रांनो, घरात कोणी आजारी पडले की सारे घर त्याच्या उशाशी जमते, आणि ते योग्यच असते. पण त्याच्या हातून सुटलेल्या कामांनाही त्याच दिवसांत कोणीतरी हात लावायला हवा. त्यांना एक चिंधी, एक थेंब पुरतो. तो थेंब राहून गेला की पुढे कात्री लागते.

तिने शेजाऱ्याची शिडी मागून कप्पी उतरवली, घासली, पुन्हा टांगली. माझा तुटलेला पेड मेणदोऱ्याने शिवला. आता दर सोमवारी ती माझ्यावरून तेलाची चिंधी फिरवते, मला हातभर खाली सोडते, पुन्हा वर ओढते. एका बोटाने ओढला तरी मी चालतो. कप्पी बोलत नाही. माझ्या अंगावर काहीच नाही.